चुकवलेला ठोसा जातो कुठं?

बिभीषणरावांनी उभ्या आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती आणि कुणाची खाल्लीही नव्हती. पहिल्या गोष्टीचा त्यांना अभिमान नव्हता, कारण ती निव्वळ संधी न मिळाल्यामुळं घडली होती. दुसरीचा मात्र होता. तालुका खरेदी-विक्री संघात हेडक्लार्कच्या खुर्चीवर सोळा वर्षं बसून, सात चेअरमन आणि दोन चौकशा डोक्यावरून जाऊ देऊन ज्याच्या सर्व्हिस बुकात एक तांबडी रेघ नाही, त्या माणसाला बचावातलं काहीतरी कळत असणार, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं. हे मत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याचाही बचाव करावा लागला असता.

गाव उस्मानाबाद जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून उलट उत्तर द्यायला समर्थ आहेत. त्या वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस हुकला होता. बी नाही, खत नाही, त्यामुळं संघाच्या पायरीला कुणी शिवेना. अशा दिवसांत हापिसातली बाकीची माणसं झोपत. बिभीषणराव वाचत. वाचनालयातलं वाचण्यासारखं सगळं संपल्यावर त्यांनी एक जुना क्रीडा विशेषांक उचलला आणि त्यातल्या एका लेखानं त्यांचा घात केला.

लेख दोन विलायती मुष्टियोद्ध्यांवर होता. फ्रेड लॉसन नावाचा एक, टोनी बार्का नावाचा दुसरा. लॉसन म्हणजे बचावाचा बादशहा. ठोसा यायचा तिथं हा नसायचा. सगळ्या कारकिर्दीत त्याच्या तोंडाला रक्त आलं ते एकदा, आणि तेही दाढी करताना. बार्का त्याच्या उलट. घंटा वाजली की सुरू व्हायचा तो घंटा वाजेपर्यंत; एका फेरीत शंभर शंभर ठोसे, दमणं ठाऊक नाही. पंचवीस वर्षांच्या अंतरामुळं दोघांची गाठ कधी पडली नाही. पडली असती तर कोण जिंकलं असतं? लेखकानं चार पानं खर्ची घातली होती आणि शेवटी "निर्णय वाचकांवर सोपवतो" असं लिहून अंग काढून घेतलं होतं. बिभीषणरावांना लेखकाची ही पद्धत ओळखीची वाटली. ते स्वतः टिपणी अशीच लिहीत.

रोज संध्याकाळी पाच वाजता ते मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, शिवलिंगप्पांच्या आडतीवर जात. हा नेम अकरा वर्षांचा. शिवलिंगप्पा त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, शाळा निजामाच्या राज्यात झालेली, म्हणून उर्दू झरझर आणि मराठी चाचपडत. बिभीषणरावांनी गादीवर लोडाला टेकून काहीबाही वाचून दाखवायचं, शिवलिंगप्पांनी त्यावर वाद घालायचा आणि सातला दोघांनी आपापल्या घरी जायचं. दोघांनाही दुसरं व्यसन नव्हतं. त्या संध्याकाळी लेख वाचून झाला तसे शिवलिंगप्पा म्हणाले, "म्हणजे ह्यो पहिला मारतच न्हाय?"

"मारतो. पण मोजकं. समोरचा दमला की."

"आन् दुसरा तर दमतच न्हाय."

"असं लेखात आहे."

"मग खलास की! त्यो दमायचा न्हाय आन् ह्यो मारायचा न्हाय. आमचा धुळाप्पा बघा. सकाळी सातला पाठीवर पोतं घेतो, दिवस बुडूस्तोवर खाली ठिवत न्हाय. असल्या माणसापुढं तुमचा लाजरा किती टिकणार?"

"लाजरा नव्हे, शिवलिंगप्पा. कसबी. शंभर मारले, शंभर चुकवले, तर हाती राहिलं काय?"

"चुकवल्याला ठोसा जातो कुठं?"

"कुठं म्हणजे? हवेत."

"माल असा हवेत जात न्हाय, बिभीषणराव. काट्यावर कमी भरला तर त्यो कुणाच्या तरी पोत्यात गेल्याला असतो."

इथं थांबायला हवं होतं. बिभीषणरावांनी नंतर कित्येकदा मनातल्या मनात इथं थांबून बघितलं. फार छान वाटायचं. पण त्या दिवशी चहा दोनदा झाला होता.

"चुकवणं ही काय मर्दुमकी हाय?" शिवलिंगप्पा म्हणाले. "तुमच्या हापिसात समदे चुकवतच असत्यात की. तुमी तर हेडक्लार्क."

"आणि आडतीत काटा मारतात," बिभीषणराव म्हणाले. "मारण्याचा अनुभव तुम्हालाच जास्त."

पोत्यांवर बसलेले दोन हमाल होते, त्यांची विडी ओठातच राहिली. आडत्याला त्याच्या गादीवर बसून काटा मारणारा म्हणणं हे काय असतं, ते मोंढ्यात राहणाऱ्यालाच कळेल. शिवलिंगप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"माझ्या गादीवर बसून," ते म्हणाले. "उद्यापासनं तकलीफ घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता बिभीषणरावांचे पाय आपोआप मोंढ्याकडं वळले. ते त्यांनी चौकातून परत वळवले आणि घरी आले. त्यांच्या बायकोनं, अयोध्याबाईंनी, आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तिसऱ्या दिवशी बिभीषणरावांनी आमटीत पाणी किती घालावं याबद्दल एक सूचना केली. पाचव्या दिवशी डबे उतरत्या क्रमानं लावून ठेवले. सातव्या दिवशी अयोध्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अवो, तुमी त्यांच्याशी बोला न्हायतर मी जाते नळदुर्गला, भावाकडं. पाचपासनं सातपर्यंत बाप्या माणूस घरात, म्हंजी बाईनं जगायचं कसं?"

"मी माफी मागायची? मी?"

"मग काय आमटीनं मागायची?"

माफी मागायला बिभीषणरावांची ना नव्हती. फक्त ती मागताना दिसू नये अशी त्यांची इच्छा होती. रात्रंदिवस विचार करून त्यांनी एक तोड काढली. वाद मुष्टियुद्धाचा, तर तो प्रयोगानंच मिटवावा. दोघांनी एकेक माणूस उभा करायचा. आखणी करायची म्हणजे बोलावं लागणार, बोलावं लागलं म्हणजे गादीवर जावं लागणार, आणि एकदा लोडाला पाठ टेकली की पुढचं पुढं. त्यांनी कागद घेतला, वर "संदर्भ: आपल्यातील दिनांक अमुकची चर्चा" असं लिहिलं, विषयात "तुलनात्मक बचाव व आक्रमण" घातलं आणि पत्र शेजारच्या गोरोबाच्या हाती पाठवलं. उत्तर आलं ते तोंडी.

"कबूल म्हणालेत," गोरोबा म्हणाला. "त्यांच्याकडून धुळाप्पा. आन् बोलणं समदं माझ्यामार्फत करायचं म्हणालेत. समोर यायची गरज न्हाय."

तोड अशी पहिल्याच दिवशी बोथट झाली. पण पत्र गेलं होतं, आणि जावक क्रमांक टाकलेलं पत्र मागं घेणं बिभीषणरावांच्या स्वभावात नव्हतं.

गोरोबा कळंबच्या गाडीवर कंडक्टर होता. पन्नासाच्या गाडीत नव्वद माणसं, भाजीच्या सहा पाट्या आणि एखादी शेळी असताना तो पुढून मागं जाई आणि त्याचा पाय कुणाच्या पायावर पडत नसे. अठरा वर्षांच्या नोकरीत सुट्या पैशांवरून त्याच्यावर चार वेळा हात उगारला गेला होता. चारी वेळा तो शेजारच्या प्रवाशाला लागला. बिभीषणराव त्याच्याकडं बघत बसले. लॉसन त्यांच्या भिंतीपलीकडं राहत होता आणि त्यांना इतक्या वर्षांत पत्ता नव्हता.

"मला मारायचं न्हाय ना कुणाला?" गोरोबानं विचारलं.

"नाही. फक्त चुकवायचं."

"मग रोजचंच की. ड्यूटी समजतो."

आता परवानगी. तहसिलातल्या कारकुनानं अर्ज नाकाशी नेऊन वाचला. "मुष्टियुद्ध? युद्ध म्हणलं तर कागद कलेक्टरसाहेबांकडं जाईल. कुस्ती लिहा."

"कुस्ती नाही हो. पाठ टेकवायची नसते यात."

"मग कसली कुस्ती? आमच्याकडं कुस्ती हाय, तमाशा हाय, भजन हाय आन् सर्कस हाय. कशात बसवू सांगा."

बऱ्याच वाटाघाटीनंतर ते सर्कशीत बसलं. सर्कशीच्या अर्जात प्राण्यांच्या संख्येचा रकाना होता. तो कोरा सोडता येत नाही, हे बिभीषणरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी थोडा विचार करून 'दोन' लिहिलं. आपण केवढी चूक केली हे त्यांना आठ दिवसांनी कळलं. दुष्काळ असल्यामुळं प्राण्यांचे सगळे कागद टंचाई शाखेतून जात, आणि टंचाई शाखेनं आपलं काम चोख केलं होतं. गोरोबा आणि धुळाप्पा या दोघांना कार्यक्रम पार पडेपर्यंत रोज दरडोई सहा किलो कडबा मंजूर झाला.

गोरोबानं साभार नकार कळवला. धुळाप्पानं मुकाट्यानं कडबा उचलून म्हशीला घातला. "खुराकाचं सरकार बघायलंय," तो मोंढ्यात सांगायचा, "म्हंजी लढत मोठी हाय."

मोठी आहे म्हटल्यावर चेअरमनना राहवेना. संघाच्या हेडक्लार्कचा कार्यक्रम म्हणजे संघाचाच. सहकाराचे दिवस होते ते. चार माणसं एका झाडाखाली उभी राहिली तरी त्यांचा सूचक आणि अनुमोदक ठरलेला असे. अकरा जणांची समिती झाली. तिच्या पहिल्याच बैठकीत चेअरमननी धुळाप्पा आणि गोरोबा दोघांना बोलावून शेजारी शेजारी बसवलं, चहा पाजला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आपल्या तालुक्याची एक परंपरा हाय. सोसायटी असो, संघ असो, आपण बिनविरोध करतो. गाव दुष्काळात असताना लढत शोभत न्हाय. तवा तुमच्यापैकी एकानं माघार घ्यावी. त्याला फुडच्या टायमाला संधी."

"माघार घेतल्यावर जिंकल्याचा नारळ कुणाला?" धुळाप्पानं विचारलं.

"अर्धा अर्धा."

"मंजूर," दोघंही एकदम म्हणाले.

समितीनं बाकं वाजवली. बिभीषणरावांनी मात्र मनात हिशोब मांडला. लढत झाली नाही तर शिवलिंगप्पांकडं जायला काही कारणच उरत नव्हतं. पाच ते सात हे दोन तास आता आयुष्यभर आमटीबरोबर काढावे लागणार होते. सोळा वर्षांत त्यांनी समितीपुढं मत म्हणून दिलेलं नव्हतं. ते उभे राहिले.

"साहेब, सर्कस झाली नाही तर कडब्याचा आक्षेप निघेल. ऑडिटला. प्राणी गेले कुठं म्हणतील."

ऑडिट हा शब्द ऐकून चेअरमन कपातला उरलेला चहा एका घोटात प्यायले. "लढत होऊ द्या," ते म्हणाले. "पण शक्यतो सर्वानुमते."

हातमोजे पिंजाऱ्याकडं टाकले. त्यानं असली वस्तू कधी पाहिली नव्हती, म्हणून नमुना मागितला. बिभीषणरावांनी कागदावर हात ठेवून पेन्सिलीनं त्याभोवती रेघ ओढली, अंगठा दाखवला, आणि वरच्या बाजूला दाबून कापूस भरायचा, तळव्याकडं नाही, असं समजावून सांगितलं. पिंजाऱ्यानं बारदानाचे भक्कम चार मोजे शिवून दिले. चारही डाव्या हाताचे. दोष पिंजाऱ्याचा नव्हता. बिभीषणरावांच्या उजव्या हातात पेन्सिल होती, त्यामुळं कागदावर डावा हात ठेवला गेला होता. शेवटी प्रत्येकानं एक मोजा उलटा घालायचं ठरलं. म्हणजे डाव्या हाताच्या मुठीवर कापूस आणि उजव्या हाताच्या मुठीवर नुसतं बारदान, कापूस सगळा आत तळव्याशी. "आत कापूस कुठं आहे ते कुणी बघतंय?" बिभीषणराव म्हणाले. बघणार कुणी नव्हतं, हे खरं. ते ज्याला बसेल त्यानं सोसायचं होतं.

राहिला पंच. गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे जुने पंच होते, त्यांनी "पाठच टेकायची न्हाय तर मी बघू काय?" म्हणून हात जोडले. मग एके सकाळी गोरोबा गाडीवर जाता जाता दारात थांबला.

"शिवलिंगप्पांचा निरोप हाय. पंच बिभीषणरावांनीच व्हावं, म्हणालेत."

"मी? अरे, तू माझा माणूस. मी पंच कसा होणार?"

"तेच म्हणलो मी. तर म्हणाले, बिभीषणराव काटा मारणार न्हाईत."

गोरोबा निघून गेला. बिभीषणराव दारात उभे राहिले. त्या निरोपात टोमणा किती आणि विश्वास किती, हे त्यांना दिवसभर मोजता आलं नाही. अयोध्याबाईंनी आमटी वाढली. ती त्यांनी पाण्याबद्दल एकही सूचना न करता खाल्ली, आणि त्या मनातून घाबरल्या.

लढत आठवडी बाजाराच्या दिवशी चार वाजता, मोंढ्यात. धान्याच्या लिलावाचा दगडी ओटा रिकामाच होता. वर्षभर त्यावर कुत्री झोपत. चार कोपऱ्यांना खांब रोवले, विहिरींना पाणी नसल्यानं घरोघर लटकत पडलेले दोर आणून त्यांना गुंडाळले. लोक पत्र्यांवर चढले, बायका बैलगाड्यांत बसल्या. पुढच्या रांगेत खुर्चीवर शिवलिंगप्पा, हातात काठी, नजर धुळाप्पावर. बिभीषणरावांकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. बिभीषणरावांनी ते सहा वेळा बघून खात्री केली.

फेरी तीन मिनिटांची. घंटा मिळाली नाही म्हणून हलगी ठरली होती. हलगीवाला जत्रेतल्या कुस्त्यांना वाजवणारा, सत्तरीचा, हाडापेराचा म्हातारा. बिभीषणरावांनी त्याला आदल्या दिवशी घड्याळ दाखवून बजावलं होतं, "मी हात वर केला की थांबायचं." म्हाताऱ्यानं मान हलवली होती. मोठ्या माणसाचं मन मोडू नये, एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ होता. कुस्ती लागली की ती निकाली होईपर्यंत हलगी थांबत नाही. त्याच्या बापानं थांबवली नव्हती, आज्यानं थांबवली नव्हती. आणि दोन्ही लढवय्यांना बिभीषणरावांनीच दहादा सांगून ठेवलं होतं, "हलगी थांबल्याशिवाय थांबायचं नाही." दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी बिनचूक होत्या.

हलगी कडाडली. धुळाप्पा पुढं आला आणि पोती उचलावीत तसा शांतपणे ठोसे टाकू लागला. डावा, उजवा, डावा, उजवा. त्यात राग नव्हता, डाव नव्हता, घाई नव्हती. गाडी खाली व्हायची आहे एवढंच. आणि गोरोबा! गोरोबा कमरेतून वाकला, गाडीतल्या सामानाच्या फळीखालून निघावा तसा निघाला, आडवा झाला, खांदा मागं घेतला. मोंढा गर्जला. बिभीषणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. छापील लॉसन त्यांच्यापुढं हाडामांसाचा उभा होता. ते भान हरपून आणखी जवळ सरकले.

पहिला ठोसा त्यांना डाव्या कानावर बसला. उजव्या मोज्याचा होता.

"मापी, मालक," धुळाप्पा म्हणाला आणि पुढचा टाकला.

बिभीषणराव दुसऱ्या बाजूला गेले. तिथं दुसरा बसला. मग त्यांच्या लक्षात आलं की हा योगायोग नाही. अठरा वर्षं गर्दीत काढलेला कंडक्टर संकट आलं की उभ्या प्रवाशाच्या आड जातो. ओट्यावर उभा प्रवासी एकच होता. गोरोबा त्यांच्या डावीकडून उजवीकडं, उजवीकडून मागं सरकत होता, दोन्ही हातांनी त्यांचे खांदे हलकेच धरून त्यांना वळवत होता आणि सवयीनं पुटपुटत होता, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय."

चुकवलेला ठोसा जातो कुठं, या प्रश्नाचं सविस्तर उत्तर पुढची काही मिनिटं मिळत राहिलं.

तीन मिनिटं झाल्यावर बिभीषणरावांनी हात वर केला. हलगीवाल्यानं तो उत्साहाचा समजून लय वाढवली. त्यांनी दुसराही हात वर केला. त्यामुळं बरगड्या उघड्या पडल्या.

"धुळाप्पा, थांब! फेरी संपली!"

"हलगी थांबली न्हाय अजून, मालक," धुळाप्पा मारता मारता म्हणाला. सांगितलेलं काम तो पुरं करणारा माणूस होता.

बैलगाडीतून अयोध्याबाई ओरडल्या, "अवो, बाजूला व्हा की! तुमी कशाला खायलाव?" पत्र्यावरून कुणीतरी सांगितलं, "मधला चांगलाय! मधल्याला नारळ द्या!" बिभीषणरावांना त्या अवस्थेतही वाटून गेलं, सोळा वर्षांत आपल्याला मिळालेली ही पहिली जाहीर प्रशंसा. मग ओठ फुटला आणि वाटणं थांबलं. मनगटावरच्या घड्याळात नऊ मिनिटं झाली होती; दहाव्या मिनिटाला घड्याळच राहिलं नाही.

त्यांना अंधुक दिसलं ते एवढंच, की पुढच्या रांगेतली एक खुर्ची उलटी पडली. साठीतला एक माणूस धोतराचा सोगा कमरेला खोचून ओट्यावर चढत होता. "ए धुळ्या! थांब! माणूस मरंल!" हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. शिवलिंगप्पांनी दोर वर केला, वाकून आत आले आणि काठी टाकून बिभीषणरावांना पुढून मिठी मारली. पुढचा ठोसा त्यांच्या पाठीत बसला. त्याच्या पुढचा टोपीला.

टोपी उडाली तशी धुळाप्पानं ती ओळखली. बावीस वर्षं ज्या गादीचं मीठ खाल्लं त्या मालकाला आपण मारलं, हे कळल्यावर तो मटकन खाली बसला आणि मोज्यात तोंड खुपसून रडायला लागला. एक गडी खाली बसलेला बघून हलगीवाल्यानं समाधानानं शेवटचा ठोका दिला. कुस्ती निकाली झाली होती.

"पडला! धुळाप्पा पडला!" लोक ओट्याकडं धावले. चेअरमन कर्णा घेऊन वर आले. "पंचांचा निकाल?"

बिभीषणराव अजून मिठीतच होते. त्यांचा माणूस बिनडाग उभा होता. त्याच्या शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती. सगळं गाव गोरोबाचं नाव घेत होतं. ओठ हलवले तर रक्त येत होतं.

"धुळाप्पा," ते कर्ण्यात म्हणाले.

"काय?" शिवलिंगप्पा मिठी सोडून मागं झाले. "डोस्क्यावर परिणाम झाला का? गोरोबाला एक तरी लागला का? गोरोबा जिंकला!"

"शंभराच्या वर ठोसे बसले, शिवलिंगप्पा. मी साक्षीदार आहे. हवेत एकही गेला नाही."

"तुमाला बसले! त्याला न्हाय!"

"माल पोहोचला की नाही?"

"दुसऱ्याच्या दुकानी पोचल्याला माल पोचला म्हणत न्हाईत! इतकी वर्षं हापिसात काढून एवढं कळंना?"

हे सगळं कर्ण्यातून बाजारभर ऐकू जात होतं. चेअरमननी तो हळूच काढून घेतला, सर्वानुमते बरोबरी जाहीर केली आणि नारळ फोडून टाकला, म्हणजे फेरविचाराला जागा राहू नये.

दवाखान्यापर्यंत दोघं बैलगाडीतून भांडत गेले. गोरोबा आणि धुळाप्पा मागून चालत होते, अर्धा अर्धा नारळ खात. अयोध्याबाई गाडीच्या कडेला बसून नवऱ्याचं तोंड पदरानं पुसत होत्या; दर दोन शब्दांनी त्यांना हात काढून घ्यावा लागे. डॉक्टरांनी ओठाला तीन टाके लागतील म्हणून सांगितलं आणि बोलायला सक्त मनाई केली. सुई आत गेली तेव्हा शिवलिंगप्पांनी बिभीषणरावांचा हात धरला होता. तो त्यांनी रागानंच धरला होता.

पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मध्ये बिभीषणराव बोलले. "त्या दिवशी मी काट्याचं जे..."

"गप बसा. टाके घालायलेत."

"नाही, पण मी..."

"डाक्टर, तोंड शिवा हो यांचं पुरतं." शिवलिंगप्पांनी खिडकीकडं मान वळवली. मग एकाएकी वळून म्हणाले, "आन् एक सांगा मला. गोरोबानं मारलं किती? एक न्हाय. तरी जिंकला. का? तर समोरचा बसला. खाली बसवलं ना? मग झालं!"

बिभीषणरावांचे डोळे चमकले. या मुद्द्याला त्यांच्याकडं सणसणीत उत्तर होतं. ते त्यांनी हातवाऱ्यांनी सांगायचा प्रयत्न केला, पण उत्तर थोडं लांबीचं होतं.

"आता बघा, बोलंना झालाय," शिवलिंगप्पा अयोध्याबाईंकडं तक्रार केल्यासारखं म्हणाले. "वैनी, मी काय एकट्यानं भांडू?" ते उठले, पाठीवर हात दाबून थोडे कण्हले, टोपी सारखी केली. "बरं. असू द्या. राहिलेलं उद्या पाचला सांगा."

डॉक्टर शेवटच्या टाक्याची गाठ मारत होते. "बोलायचं नाही हं," ते म्हणाले. "टाका तुटेल."

आयुष्यात कधी कुठल्या साहेबाचा हुकूम न मोडलेल्या बिभीषणरावांनी डॉक्टरांचा हात बाजूला केला, तोंड उघडलं आणि म्हणाले, "साडेचार."